मान खाली घातलेलं विमान

‘विमानाचं पुढचं चाक उघडलंच नाही’ अशी बातमी अधूनमधून येते. विमान सुखरूप उतरल्याचं पुढच्या ओळीत कळलं की माझं लक्ष त्या क्रियापदाकडे वळतं. उघडतं ते दार, पेटी, छत्री, फार तर डोळे. चाक कसं उघडेल? पण बातमीदाराचंही पूर्ण चुकलेलं नसतं. विमानाच्या पोटाखालची झडप उघडते आणि तिच्यातून चाक बाहेर येतं. त्याने झडपेचं क्रियापद चाकाला दिलं. गंमत अशी की उलट क्रियेसाठी ‘चाक मिटलं’ असं मात्र कोणी लिहीत नाही. तिथे आपण ‘आत घेतलं’ म्हणून सुटका करून घेतो.

खरं तर या कामासाठी मराठीत एक नेमकं क्रियापद आहे, ते म्हणजे आखडणे. थंडीत अपुऱ्या पांघरुणाखाली झोपलेला माणूस पाय आखडून घेतो, महिनाअखेरीला आपण हात आखडता घेतो. बाहेर पसरलेलं अंग गरज नसताना आत ओढून घेणं म्हणजे आखडणं. इंग्रजीत या चाकाला ‘रिट्रॅक्टेबल’ म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे, हे क्रियापद आहे. ट्रॅक्टर त्याच कुळातला आणि ट्रेनही. केलेलं विधान मागे घेणंही इंग्रजीत ‘रिट्रॅक्ट’च. म्हणजे पुढाऱ्याचं वक्तव्य आणि विमानाचं चाक यांना तिथे एकच क्रियापद पुरतं.

हे आखडतं चाक मोठ्या प्रवासी विमानात हायड्रॉलिक दाबावर चालतं आणि त्याची काळजी घ्यायला तंत्रज्ञांची फौज असते. मला शब्दांच्या दृष्टीने जास्त रस आहे तो घरी बांधलेल्या छोट्या विमानांच्या चाकात. तिथे बांधणारा, उडवणारा आणि वंगण लावणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि चाकाच्या प्रत्येक भागाचं नाव त्याच्या हाताला माहीत असतं.

त्यातलं सर्वांत बोलकं विमान म्हणजे अमेरिकी अभिकल्पक बर्ट रुटान यांचं ‘लाँग-ईझी’. कॅलिफोर्नियातल्या मोहावी या वाळवंटी गावात त्यांचं काम चाले. १९७५ मध्ये त्यांचं ‘व्हॅरिईझी’ उडालं आणि १९७९ मध्ये त्याचं आकाराने मोठं भावंड ‘लाँग-ईझी’. नावातच कोटी आहे. इंग्रजीत ‘व्हॅरिईझी’ भरभर म्हटलं की ‘व्हेरी ईझी’, फार सोपं, असं ऐकू येतं. रुटान यांनी तयार विमानं विकली नाहीत, आराखडे विकले. ते आणायचे आणि आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधायचं. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे, त्यांवर काचतंतूचं कापड अंथरायचं, इपॉक्सीच्या राळेने भिजवायचं आणि वाळू द्यायचं. साचा नाही. कात्री मात्र भरपूर चालते.

या विमानाचं इंजिन आणि पंखा मागे, माणसं पुढे. मागची दोन चाकं कायम बाहेर. आखडतं ते फक्त पुढचं, नाकाखालचं. आणि विमानतळावर उभं असताना हे विमान नाक जमिनीला टेकवून बसलेलं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पुढचं चाक मोडलं की काय. पण ते चाक मालकाने मुद्दाम आत घेतलेलं असतं.

असं का, हे समजावून सांगायला इंग्रजीत गुरुत्वमध्य, मागची चाकं आणि वैमानिकाचं वजन असा परिच्छेद लिहावा लागतो. गाडीवानाच्या मराठीत त्यासाठी एकच शब्द आहे, उलाळ. बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गाडी मागे कलंडते. ती गाडी उलाळ झाली. लाँग-ईझीत पुढे माणूस बसलेला नसला की मागच्या इंजिनाच्या वजनाने तेही उलाळ होतं. पुढच्या चाकावर उभं ठेवून मालक चहा प्यायला गेला, तर परत येईपर्यंत विमान शेपटावर बसलेलं असायचं. म्हणून आधी नाक खाली ठेवायचं. बैल सोडलेली गाडी अंगणात जू टेकवून उभी असते, तस्संच. विमानाच्या नाकाखाली टेकायला रबराचा ठोकळा असतो. काही जण तिथे आइस हॉकीची जाड रबरी चकती बसवतात.

बैलगाडी इथे नुसती उपमा म्हणून आलेली नाही. या चाकाच्या शब्दांत तिचा रस्ता खरोखरच उमटलेला आहे. इंग्रजीतलं ‘व्हील’ आणि आपलं ‘चाक’ हे एकाच आजीची नातवंडं. चाक आलं संस्कृत ‘चक्र’वरून, आणि चक्र व व्हील या दोहोंच्या मागे फिरणे या अर्थाच्या धातूची द्विरुक्ती करून बनलेला एक आदिम शब्द आहे. फिरतं, पुन्हा फिरतं, ते चक्र. चाक ज्यावर फिरतं तो ‘ॲक्सल’ म्हणजे संस्कृत ‘अक्ष’ आणि मराठी ‘आस’. पृथ्वीचा आस म्हणताना आपण पृथ्वीला नकळत गाडीच्या चाकाची मांडणी देत असतो. अनेक विमानांत वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूला ‘योक’ म्हणतात; योक म्हणजे संस्कृत ‘युग’, म्हणजेच आपलं ‘जू’. आणि जुवाजवळ, गाडीच्या ज्या टोकावर भार येतो, ती धुरा. पक्षाची धुरा सांभाळणाऱ्या पुढाऱ्याच्या मानेवर खरं तर बैलगाडीचं लाकूड असतं.

आता विमानाच्या चाकांच्या ‘लँडिंग गिअर’ या इंग्रजी नावातला गिअर घेऊ. आपल्याकडे हा शब्द मोटारीबरोबर आला. त्यामुळे गिअर म्हटलं की डोळ्यापुढे दातेरी चाक येतं, किंवा ते बदलायचा दांडा. मग विमानाच्या चाकाला गिअर का म्हणावं, हे कोडं पडतं. इंग्रजीत दातेरी चाकाचा अर्थ पुष्कळ उशिरा आला. त्याआधी गिअर म्हणजे लढवय्याचं चिलखत, घोड्याचं खोगीर-लगाम, कारागिराची हत्यारं. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘सज्ज असणं’ हा अर्थ आहे. मराठीत याला जुळणारा शब्द साज. घोड्याचा साज म्हणताना आपण फारसीतला जो शब्द वापरतो, त्याच्याही मागे तयार करणे, सिद्ध करणे हेच क्रियापद आहे. लँडिंग गिअर म्हणजे उतरण्याचा साज. असं म्हटलं की कोडं सुटतं.

लाँग-ईझीच्या या साजात मात्र दातेरी गिअरसुद्धा आहे. वैमानिकापुढच्या फळीवर एक छोटं हँडल असतं. ते गरागरा फिरवलं की आत मळसूत्री आट्यांचा एक दंडगोल फिरतो, त्याच्या आट्यांत अडकलेलं दातेरी चाक हळूहळू सरकतं आणि त्याला जोडलेला काचतंतूचा पाय चाकासकट वर किंवा खाली येतो. मोटर नाही, हायड्रॉलिक तेल नाही. पुढे काही मालकांनी विजेची मोटर बसवून घेतली, पण मूळ कल्पना विहिरीवरच्या रहाटाइतकी साधी.

त्या मळसूत्री दंडगोलाला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणतात, म्हणजे अळी. आपल्याला लगेच ‘कृमी’ आठवतो आणि मोह होतो की व्हील-चाकासारखी ही जोडीही सख्खी असणार. इथे शब्दप्रेमींनी हात आखडता घ्यावा. ‘वर्म’चं नातं लॅटिन ‘व्हर्मिस’शी आहे, तर ‘कृमी’चं आयरिश आणि लिथुएनियन भाषांतल्या वेगळ्याच शब्दांशी. ध्वनी सारखे, अर्थ तोच, तरी घराणी दोन. दोन्ही घराण्यांनी जगाला एकेक लाल रंग मात्र दिला. कृमीपासून निघालेला शब्द अरबी-फारसीतून फिरून आपल्याकडे ‘किरमिजी’ झाला आणि व्हर्मिसपासून युरोपात ‘व्हर्मिलियन’, म्हणजे शेंदरी. दोन्ही नावांच्या मागे रंग देणारे किडे आहेत.

या अळीचा एक गुण विमानाला फार उपयोगी पडतो. अळी फिरवली की दातेरी चाक फिरतं, पण दातेरी चाकावर जोर देऊन अळी सहसा फिरत नाही. गिटारच्या खुंट्यांत हीच युक्ती असते. बोटांनी खुंटी फिरते, तारेच्या ताणाने ती उलट फिरत नाही. त्यामुळे चाकावर आलेला धक्का हँडलपर्यंत पोचून वैमानिकाच्या हातातलं हँडल गरगरत नाही. पण हे सगळं दाते शाबूत आणि वंगण ताजं असेल तोवर. दाते झिजले की हँडल फिरवताना आधी थोडं रिकामं फिरतं आणि मग कामाला लागतं. मेकॅनिक याला ‘प्ले आलाय’ म्हणतात. प्ले म्हणजे खेळ, आणि आपणही खोलीत हवा खेळती ठेवतोच. खिडकीतून खेळलेली चांगली, गिअरमध्ये खेळलेली वाईट. म्हणून जुनं वंगण पुसताना ते बोटांवर घेऊन पाहायचं. त्यात धातूची चमक दिसली, तर दाते झिजायला लागलेत.

या विमानाचा तोंडवळाही शब्दांनी भरलेला आहे. मोठा पंख मागे आणि छोटा पंख पुढे, नाकापाशी. अशा रचनेला ‘कॅनार्ड’ म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये कानार म्हणजे बदक. १९०६ मध्ये ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-दुमों यांनी पॅरिसमध्ये ‘१४-बिस’ नावाचं यंत्र उडवलं. त्याचा लहान भाग लांब मानेच्या टोकाशी, पुढे होता. मान ताणून उडणारं बदक तसंच दिसतं. रुटान यांचं ‘व्हॅरिईझी’च्या आधीचं, १९७२ मध्ये उडालेलं विमान ‘व्हॅरिव्हिगन’. त्याचं नाव स्वीडिश लढाऊ विमान ‘व्हिगन’वरून आलं. व्हिगन म्हणजे वज्र, पण स्वीडिशमध्ये त्याच शब्दाचा दुसरा अर्थ शेंडीवालं एक बदक. त्या लढाऊ विमानालाही पुढे छोटा पंख होताच. म्हणजे वज्राच्या आडून बदक पुन्हा हजर! फ्रेंचमध्ये कानार म्हणजे खोटी बातमीही, आपल्या भाषेत कोणी तरी पिकवलेली कंडी. धावपट्टीवर नाक टेकवून बसलेलं विमान पाहून ‘अपघात झाला’ अशी कंडी पिकवणारा भेटला, तर तो दोन्ही अर्थांनी कानार पाहत असतो.

आता नाकाखालच्या चाकाचा खोडकरपणा. हे चाक एका चिमट्यात बसवलेलं असतं, सायकलच्या पुढच्या चाकासारखं. चिमटा मोकळा, डावी-उजवीकडे फिरू शकणारा. वळायचं तर वैमानिक मागच्या एकाच चाकाचा ब्रेक दाबतो आणि पुढचं चाक मुकाट्याने वळतं. पण मोकळ्या चाकाची एक खोड असते. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक वेगात ढकलल्यावर थडथडायला लागतं, तीच. विमान उतरताना वेग मोठा असल्याने ती थडथड नाक, फळी आणि वैमानिकाचे दात, सगळं हलवून सोडते. चिमटा तडकूही शकतो. या थडथडीला इंग्रजीत ‘शिमी’ म्हणतात.

हा शब्द कुठून आला, हे मला कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा एक नाच लोकप्रिय झाला, शिमी. काही वर्षांतच मोटारींची पुढची चाकं थरथरायला लागली की त्यालाही तेच नाव मिळालं. नाचाचं नाव आलं कपड्यावरून. फ्रेंच ‘शमीझ’, म्हणजे अंगाला लागून घालायचा सैलसर झगा. इंग्रजी कानांना शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटला, त्यांनी तो काढून टाकला आणि उरलं ‘शिमी’. मुलींच्या फ्रॉकखालची शमीज आपल्याकडे अजून याच नावाने विकली जाते. फ्रेंच शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कामिसिया’वरून आला, आणि तोच शब्द अरबीत ‘कमीस’ होऊन आपल्याकडे कमीज आणि खमीस झाला. तेव्हा लाँग-ईझीचं चाक शिमी करतं तेव्हा ते शब्दशः अंगातला सदरा झटकत असतं. विमान कापडाचं, त्याचा रोगही कापडाचा.

या रोगावरचा उपाय घर्षण. चिमट्याच्या खुंटावर स्प्रिंगने दाबलेल्या चकत्या असतात. त्यांनी चाकाला सहजासहजी वळू द्यायचं नाही, पण अडवायचंही नाही. किती दाब हवा, हे अंदाजाने ठरत नाही. नाक उचलून चाक अधांतरी करायचं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा आसाला अडकवायचा आणि बाजूला ओढायचं. चिमटा वळायला लागेल तेव्हा काटा साधारण २ ते ४ पौंडांच्या दरम्यान असावा. कमी भरला तर शिमी ठरलेली. फार जास्त भरला तर चाक वळताना हट्ट करणार. चकत्या झिजतात, स्प्रिंग ढिली पडते, म्हणून हे मोजमाप पुन्हा पुन्हा करावं लागतं.

या कामाला इंग्रजीत ‘मेंटेनन्स’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘मानु तेनेरे’, हाताने धरून ठेवणं. मराठी मात्र इथे हातावर विसंबत नाही, डोळ्यावर विसंबते. ‘निगा’ हा फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर. ‘देखभाल’मध्ये तर पाहणं दोनदा आहे, कारण देखणं आणि भालणं, दोन्हींचा अर्थ पाहणं. इंग्रजाची वस्तू हातात धरल्याने टिकते, आपली नजरेखाली ठेवल्याने. रुटान यांनी मराठी शिकण्याचं काही कारण नव्हतं, पण त्यांचा आराखडा आपल्या बाजूचा आहे. लाँग-ईझीत वैमानिकाच्या पुढे एक छोटी पारदर्शक खिडकी ठेवलेली असते. तिच्यातून चाक खाली आलं की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. दिव्यावर किंवा भोंग्यावर भरवसा ठेवायची गरज नाही.

तरी माणूस विसरतो. हँडल फिरवायचं राहतं आणि विमान पुढच्या चाकाशिवाय उतरतं. मग मराठीतला एक वाक्प्रचार जसाच्या तसा खरा होतो. विमान धावपट्टीवर नाक घासतं. आपल्या भाषेत सगळी अब्रू नाकात असते. नाक कापलं जातं, नाक वर होतं, नाकदुऱ्या काढाव्या लागतात. लाँग-ईझी हलकं आणि नाक मजबूत, त्यामुळे बहुतेकदा तळावरचा थर घासला जातो आणि कापड-इपॉक्सीच्या दोन दिवसांच्या डागडुजीवर भागतं. मालकाच्या नाकाची डागडुजी मात्र मित्रांच्या बैठकीत वर्षभर चालते. तसं इंग्रजी ‘नोज’ आणि संस्कृत ‘नासा’ सख्खेच. आपलं ‘नाक’ मात्र त्या घरातलं नाही. ते प्राकृतातल्या ‘णक्क’वरून आलंय, आणि प्राकृत वैयाकरणांनी हा शब्द देशी म्हणूनच नोंदवला आहे.

घरी बांधलेल्या विमानाला मराठीत काय म्हणावं? ‘घरगुती विमान’ म्हटलं की घरगुती मसाला आणि घरगुती खानावळ आठवते. ‘बांधणे’ हे क्रियापद बरं, कारण आपण घरही बांधतो आणि होडीही. मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, तेव्हा बातम्यांतही विमान ‘बांधल्याचंच’ आलं. गच्चीवर माणूस दुसरं काय करणार? अमेरिकेत अशा विमानावर कायद्याने ‘एक्स्पेरिमेंटल’ असं ठळक लिहावं लागतं. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं करून पाहणे. अनुभव, तज्ज्ञ आणि धोका या तिन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द त्याच मुळाचे. तिथे बांधणाऱ्या माणसाला आपल्याच विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करायचा परवाना मिळू शकतो. ज्याने घडवलं, त्यानेच निगा राखावी.

शेवटी उरतो तो सगळ्यात जुना शब्द, ‘विमान’. पुष्पक विमान आठवून आपण तो आकाशाशी जोडतो, पण त्यात आकाश नाही आणि पंखही नाहीत. वि आणि मा. मा म्हणजे मोजणे, मापणे. मापून आखलेली रचना ते विमान. म्हणून दक्षिणेत देवळाच्या गाभाऱ्यावरच्या शिखराला विमान म्हणतात, आणि जुन्या वाङ्मयात सात मजली प्रासादालाही. मोजमापातला ‘मान’ तोच. आदराचा ‘मान’ मात्र दुसऱ्या धातूचा, मन् म्हणजे विचार करणे. गळ्यामागची ‘मान’ तिसऱ्याच घरची, संस्कृत ‘मन्या’ची. मराठीने तिघांना एकाच उच्चारात आणून बसवलं.

संध्याकाळी उड्डाण संपवून मालक खाली उतरतो, हाताने नाक तोलून धरतो, हँडल फिरवतो आणि विमान हळूच मान खाली घालतं. नाक टेकण्याआधी ताणकाट्यावर घेतलेला चिमट्याचा आकडा तो वहीत लिहितो. गेल्या महिन्यात तीन होता, आज अडीच. पुढच्या खेपेला चकत्या पाहायच्या आहेत.